खुलासा : 'परक्याच्या वाट्याला शून्य' हे खरं नाही

'माणूस ओळखीच्यालाच वाटा देतो, परक्याला शून्य; प्रयोगांनी सिद्ध झालंय' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

दाखला दिला जातो तो डिक्टेटर गेमचा. यात एकाच्या हाती ठरावीक रक्कम देतात. त्यातलं समोरच्याला, म्हणजे सहसा अनोळखी माणसाला, किती द्यायचं हे तोच ठरवतो, समोरच्याला हरकत घेता येत नाही. क्रिस्टोफ एंगेल यांनी २०११ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरासरी वाटा सुमारे २८ टक्के निघाला. एक तृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांनी छदामही दिला नाही, हे खरंच. पण बाकीच्यांनी काही ना काही दिलंच.

ओळखीने फरक पडतो, आणि चांगलाच. लायडर व सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात मित्राला अनोळखी माणसापेक्षा ५२ टक्के जास्त मिळालं. गफलत होते ती इथे. हे रकमेचे ५२ टक्के नव्हेत. परक्याला २० रुपये मिळत असतील तर मित्राला साधारण ३० रुपये, एवढाच अर्थ. शिवाय ही वाढ देणाऱ्याचं नाव गुप्त असतानाची आहे, त्यामुळे 'परतफेडीच्या आशेने देतात' हे स्पष्टीकरण इथे टिकत नाही. परतफेडीचा हिशेब येतो तो नाव कळणार असेल तेव्हा, त्या वाढीवर वरकड म्हणून.