नोकरी सोडलीय, काढलेलं नाही!

लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात तोच प्रश्न: "काढलं का हो कंपनीने? तब्येत बरी आहे ना?" अहो, पन्नाशीत स्वतःहून सोडली! राज्य सरकारी कारकून ५८व्या वर्षी थांबला की शाल-श्रीफळ, मी थोडा आधी थांबलो तर उलटतपासणी? वर्षानुवर्षं पीपीएफ भरला, गृहकर्ज मुदतीआधी फेडलं, तेव्हा कुणी चौकशी केली नाही. आता सगळ्यांना माझ्या खात्याचा हिशेब हवा. ईपीएसची (नोकरदारांच्या पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन वयाच्या ५८च्या आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी मिळते, हेही मलाच ऐकवतात. ते गणित मांडूनच राजीनामा दिलाय! सर्वांत चीड येते ती बायकोला बाजूला घेऊन "घरी सगळं ठीक ना?" विचारणाऱ्यांची. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय हे. विचारायचंच तर माझ्यासमोर विचारा.