मुरमाचं घमेलं

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. मी फळ्यावर मूत्राशय काढलंय. भिंतीला ताण बसला की तिथले ताण टिपणारे ग्राही वर मेंदूकडे निरोप धाडतात, वरून उलट निरोप आला की स्नायू आकसतात, खालची झडप सैल पडते. अकरावीचा धडा. समोर एकशेवीस पोरं लिहून घ्यायलीत आणि माझ्या डोक्यात दुसरंच गणित: साडेसहाला घर सोडलं, दोन तास चाळीस मिनिटं झाली, म्हणजे आत्ता घरी दिवाणाच्या डाव्या पायापाशी हाच धडा प्रात्यक्षिकासह चालू असणार.

ओळखीतल्या दोघींनी मागच्या आठवड्यात विचारलं, "आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो, पिल्लू आणलं तर जमंल का?" दोघींनाही फोनवर "बघा बाई" एवढंच म्हणाले. उत्तर लांब आहे, म्हणून इथं लिहायलेय.

गुळ्या आला फेब्रुवारीच्या शेवटी. लेक चौथीत आहे. त्या दिवशी शाळेच्या रिक्षातून उतरली तर दप्तर पाठीवर आणि पोटाशी हे. आमच्या मागच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, तिथल्या मुरमाच्या ढिगावर कुत्री व्याली होती. तिला गाडीनं उडवलं आणि पिल्लं गल्लीत एकेक करून वाटली गेली. आमच्या वाट्याला आलेलं गुळाच्या ढेपेच्या रंगाचं. डॉक्टरांनी दात बघून सात आठवड्यांचं असल्याचं सांगितलं. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. मी लातुरात क्लासला बायोलॉजी शिकवते, साडेसहा ते एक, परत तीन ते साडेआठ. लेक साडेबाराला शाळेतून येते. हे सगळं आधी कागदावर मांडायला पाहिजे होतं. पण पिल्लू हातात असताना कागद कोण घेतं?

ठोकताळा सोपा आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. जास्तीत जास्त तेवढे तास ते दम धरतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही झोपलेलं असेल तर. झोपून उठलं की लगेच, खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात कधीही, आणि खेळता खेळता एकदम थांबून जमीन हुंगायला लागलं की समजायचं, आली वेळ. चार ते सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या झडपेवर त्याचा पुरता ताबाच नसतो. साडेसहा ते साडेबारा म्हणजे सहा तास. रागवा, समजवा, तुळजापूरला नवस बोला, सात आठवड्यांच्या जिवाला सहा तास जमणार नाहीत.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. लोक ज्याला "पिल्लाला वळण नाही" म्हणतात, ते बहुतेक घरांत "दुपारपर्यंत घरात माणूस नाही" असं असतं. आपल्या ड्युटीचं बिल आपण त्याच्या नावावर फाडतो.

आणि सल्ले! शेजारच्या काकू, क्लासचा शिपाई, दूधवाला, औशाहून आलेले माझे सासरे, सगळ्यांचं एकमत. "नाक घासा त्यात, एक रट्टा द्या, आपोआप कळतंय." सासरे तर म्हणाले, "आमच्या वाड्यावरची कुत्री कधी घरात मुतली का?" मी म्हटलं, "मामंजी, तुमच्या वाड्यावरची कुत्री कधी घरात आली का?" त्यावर त्यांनी पेपर उघडला.

कबूल करते, एकदा मीही वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, रात्रीचे नऊ, आणि दारातच पाय घसरला. मारलं. पुढचे दोन दिवस घर कोरडं होतं. मला वाटलं, शिकला. तिसऱ्या दिवशी वास कुठून येतोय म्हणून दिवाण ओढला तर खाली तळं. त्यानं शिकलेलं एवढंच होतं, की या बाईसमोर करायचं नाही. तासापूर्वीच्या ओल्या जागेचा आणि आत्ताच्या रट्ट्याचा संबंध त्याला लागतच नाही. त्याच्या हिशेबात आई दार उघडून आत आली आणि मारायला लागली.

"पण त्याला कळतं हो, आपण आलो की कान पाडून बसतो," असं सगळे म्हणतात. हे तपासून बघितलेलं आहे. अमेरिकेत कुत्र्यांचं वागणं अभ्यासणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली घरच्या कुत्र्यांवर प्रयोग केला. कुत्र्यानं चूक केली होती की नव्हती याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध निघाला नाही. मालक रागावला की चेहरा तसा व्हायचा, चूक नसली तरी. शिपायाला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, आमच्या घरीबी असंच हाय, मी काही न करताच कान पाडून बसतो."

माझी एक जुनी विद्यार्थिनी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिला फोन लावला. (वर्गात मी तिला फार बोलले होते. तिनं व्याजासकट परत केलं.) तिचा पहिला प्रश्न, "मॅडम, तुम्ही त्याला कशावर करायला लावताय?" कागदावर, म्हटलं. सगळे कागदच सांगतात. त्यावर तिनं विचारलं, "आणि तो जन्मला कशावर?"

मुरमावर.

दोन-अडीच महिन्यांचं होईस्तोवर पिल्लाच्या पायाखाली जे लागतं, तेच पुढं त्याला "करायची जागा" वाटतं. हा ढिगावर वाढलेला. मी त्याच्यापुढं गुळगुळीत कागद पसरायची, तो तो कागद फाडून खेळायचा आणि भिंतीकडेच्या पोपडे उडालेल्या, खरबरीत कोपऱ्यात जाऊन बसायचा. मूर्ख मी होते. शिवाय कागदाची सवय लागली असती तर मामंजींच्या पेपरचं काय झालं असतं, तो विचार वेगळाच.

मग घमेलं आलं. पहिल्यांदा अंगणातली काळी माती भरली, तर ओली झाल्यावर ती अशी चिकटली की चार पायांचे ठसे देवघरापर्यंत. मराठवाड्यात जन्म गेला आणि काळी माती पाणी सोडत नाही हे घमेल्यानं शिकवलं. मुरूम पाणी खाली जाऊ देतो. मागच्या गल्लीतला ढीग दहा पावलांवर होता, पण उदगीरची बाई ओरडलीच. तिथं गल्लीतली सगळी कुत्री बसतात, पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा, विषाणू मातीत कितीतरी महिने टिकतो आणि गुळ्याची लस अर्धवट. पहिली लस सहा-आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. तोवर रस्त्यावर उतरवायचं नाही. म्हणजे "बाहेर फिरवून आणा" हा सल्लाही बाद. शेवटी मामंजींनीच गावाकडून खताच्या पोत्यात मुरूम आणला. कशाला ते बसमधल्या कुणाला सांगितलं नाही म्हणे.

घमेलं मागच्या पडवीत. उठला की घमेलं, खाल्लं की घमेलं, आणि झालं की तिथल्या तिथं, त्याच क्षणी, भाकरीचा तुकडा आणि कौतुक. घरात येऊन दिलं तर त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळालं. चूक झाली तर काही बोलायचं नाही, पुसायचं.

आता पुसण्याविषयी, कारण इथं लातूरचा प्रश्न येतो. पुण्या-मुंबईचे लोक सांगतात, "भरपूर पाण्यानं धुऊन काढा." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. आमच्या घरात अजून भाज्या धुतलेलं पाणी कुंडीला आणि कपड्यांचं पाणी संडासाला जातं. एका शूपायी बादली ओतायची म्हणजे हात थरथरतो. म्हणून आधी जुन्या सुती साडीच्या फडक्यानं दाबून दाबून टिपून घ्यायचं, घासायचं नाही. घासलं की पसरतं. मग एन्झाइमवाली कपड्यांची पावडर थोड्या कोमट पाण्यात कालवून तेवढ्याच जागी. फिनाईलनं आपल्या नाकाचं समाधान होतं, त्याच्या नाकाचं होत नाही. त्यात पिल्लू पाय चाटतं, फिनाईल पोटात जातं.

व्हिनेगरचं मात्र ऐकू नका, निदान शहाबादी फरशी असेल तर. आमचं घर भाड्याचं, जुनं. मे महिन्यात ती फरशी देवासारखी गार असते, पण मूत पिते. मी मोबाईलवर वाचून व्हिनेगर ओतलं. बुडबुडे आले, मला वाटलं घाण निघायलीय. वाळल्यावर हातभर पांढुरका डाग. केमिस्ट्रीच्या सरांना सांगितलं तर त्यांनी डबा खाली ठेवला. "मॅडम, शहाबादी म्हणजे चुनखडी. आठवीतला प्रयोग केलात की घरी." डागावर सध्या पायपुसणं आहे. घरमालक फेसबुकवर नाहीत.

दुसरा एक सल्ला, "पाणी कमी द्या, कमी मुतंल." पाऱ्यानं चाळिशी ओलांडलेल्या गावात पिल्लाचं पाणी तोडायचं? त्यापेक्षा पिल्लू आणू नका. "खोक्यात कोंडून जा"ची गोष्टही तशीच. कुत्रं झोपायची जागा स्वतःहून घाण करत नाही, तीन आठवड्यांचं झालं की आईच्या कुशीपासून बाजूला सरकून करतं. त्या सवयीचा फायदा घेऊन थोडा वेळ छोट्या जागेत ठेवणं ठीक. पण सहा तास कोंडलं की त्याला तिथंच करावं लागतं, आणि जी एक चांगली सवय ते घेऊन आलेलं असतं तीच मोडते.

तर मग सहा तासांचं काय केलं? माणूस शोधला. वरच्या खोलीत हिमायतनगरचा एक मुलगा राहायचा, रिपीटर, म्हणजे मेडिकलची 'नीट' परीक्षा परत देणारा, दुसऱ्या क्लासचा, बॅच अकराला. सकाळी साडेनऊला खाली उतरून गुळ्याला घमेल्यापाशी न्यायचं, पंधरा मिनिटं खेळायचं. बदल्यात रात्रीचं जेवण आणि बायोलॉजीचे डाउट. त्याला "शू" वगैरे म्हणायची लाज वाटायची नाही. "चल रे मुतायलाऽऽ" अशी हाळी द्यायचा, आख्खी गल्ली घड्याळ लावायची. दहा दिवसांत ती हाळी म्हणजेच खूण झाली. एक वही ठेवली होती, कितीला खाल्लं, कितीला केलं, कुठं केलं. मुलगा त्यात इमानदारीनं लिहायचा, एकदा शेरा होता: "९.४०, घमेल्याच्या बाहेर, पण तोंड घमेल्याकडे."

त्या वहीनं मला एक भलतीच गोष्ट दाखवली. गुळ्याच्या रकान्यात दिवसाला अकरा-बारा नोंदी. सहज स्वतःच्या मोजल्या. सकाळी सहाला एक, दुपारी सव्वा वाजता घरी एक, रात्री नऊला एक. मागं एका क्लासमध्ये होते तिथं बायकांसाठी एकच संडास, तिसऱ्या मजल्यावर, बहुतेकदा कुलूप लावलेलं. म्हणून सकाळी पाणीच प्यायचं नाही अशी सवय लागली, आणि एका वर्षात दोनदा लघवीचा संसर्ग. बायोलॉजीची बाई! मूत्रमार्ग आखूड, संसर्ग लवकर, हे मुलींना शिकवते आणि स्वतः कोरड्या घशानं उभी.

आणि वर, माझ्या बॅचचा नियम होता: अडीच तासांत मधून उठायचं नाही. लय तुटते. मुलं उठतात तरी, मुली उठतच नाहीत. कितीतरी वर्षं मी त्याला एकाग्रता समजत होते. धडा शिकवायचा, आकृती काढायची, ताण बसल्यावर काय होतं ते विचारायचं, आणि समोरच्या पोरींना तो ताण धरून बसवायचं. पिल्लाला दर तीन तासांनी बाहेर न्यायला माणूस ठेवणारी मीच ती.

मार्चमध्ये एक दिवस सव्वा तासानं डस्टर ठेवला आणि म्हटलं, जाऊन या. मिनिटभर कुणी हललं नाही. मग मागच्या बाकावरची एक उठली, तिच्यामागं रांगच. संचालकांना पोर्शन मागं पडायची काळजी आहे. पडला तर पडला, एक रविवार जास्तीचा घेते.

त्या दोघींना उत्तर: दिवसभर बाहेर असाल तर पिल्लाच्या आधी माणूस शोधा. सासू, शेजारीण, वरचा रिपीटर, कामाच्या मावशी, कुणीही, पण पैसे किंवा जेवण ठरवून, "जमलं तर बघा हो" असं नाही. नसेल कुणी, तर दीड-दोन वर्षांचं गावठी कुत्रं घ्या, ते सहा तास आरामात थांबतं. फोटोत तेवढं गोड दिसत नाही, हे खरं. आणि सुरुवातीचे काही आठवडे रात्री दोनचा गजर लावावा लागतो, तो मी लावला. नवऱ्यानं नांदेडहून फोनवर सहानुभूती दिली.

गुळ्या आता पाच महिन्यांचा होऊन गेला. लसी झाल्या, घमेलं पडवीतून अंगणात गेलं, मग गेलंच. शेवटची चूक चौदा दिवसांपूर्वी, पाहुणे आल्यावर आनंदानं. ती मी धरत नाही.

वरचा मुलगा मे महिन्यात नीट देऊन खोली सोडून गेला. गुळ्या अजून साडेनऊला जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी जाऊन बसतो, लेक सांगते. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा हिमायतनगरहून फोन आला. मी घाबरत घाबरत विचारलं, "कशी गेली रे नीट?"

"ते जाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. "गुळ्या कुठं जायलाय?"