गल्लीत लोकेशन चुकतं ते नेटमुळे नाही

धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "जुन्या गावात लोकेशन चुकतं, कारण नेट कमी. मोठा डेटा पॅक घ्या, बूस्टर अ‍ॅप टाका, मोबाईल आठच्या आकड्यासारखा फिरवा. नाविकच्या फोनला तर मीटरभरही फरक पडत नाही." (नाविक म्हणजे जीपीएससारखी इस्रोची भारतीय उपग्रह यंत्रणा.) यातलं जवळजवळ सगळं चूक आहे. अँब्युलन्सला पत्ता देताना असल्या समजुती महागात पडतात.

नेटचं आधी. जीपीएसचा सिग्नल सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून थेट फोनच्या अँटेनात येतो. उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून झटकन उतरते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यायला अर्धा मिनिट, कधी जास्तही लागतो. म्हणजे नेटमुळे ठिकाण लवकर सापडतं, नेमकं नाही.

खरी अडचण भिंतींची. धुळ्यात आग्रा रोडजवळच्या नंबरांच्या गल्ल्या घ्या. गल्ली 4 मीटर रुंद आणि दोन्हीकडे 12 मीटर उंच घरं असतील, तर मधोमध उभ्या माणसाला दोन्ही बाजूंचं आकाश 80 अंशांपर्यंत झाकलेलं असतं. उरतो डोक्यावरचा अरुंद पट्टा आणि गल्लीची दोन टोकं. त्यामुळे गल्लीच्या लांबीत ठिपका बरा बसतो, आडवा मात्र सरकतो. बाजूच्या उपग्रहांचा सिग्नल समोरच्या भिंतीवर, शटरवर, काचेवर आपटून येतो. 10 मीटरचा वळसा म्हणजे जेमतेम 33 नॅनोसेकंद उशीर, पण फोन तो उपग्रह तेवढा लांब धरतो. अशा चुका साचल्या की गल्ली नंबर 4 मधला माणूस 5 मध्ये दिसतो.

बूस्टर अ‍ॅप फार तर साठलेली माहिती पुसून नवी मागवतं. अँटेना तीच राहते. आठचा आकडा होकायंत्रासाठी असतो, त्याने दिशेचा बाण सुधारतो, ठिपका जागचा हलत नाही.

फोनला जीपीएसच्या जोडीला नाविकचे उपग्रहही मिळाले तर फायदा आहेच. पण इस्रोनेच सांगितलेली अचूकता 20 मीटरपेक्षा चांगली, एवढीच आहे, आणि भिंतीवरून परतणारा सिग्नल नाविकलाही चुकत नाही. फोन घेताना उपग्रहांचा एल-5 हा नवा सिग्नल (1176.45 मेगाहर्ट्झ) त्याला पकडता येतो का ते विचारा. थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा काढायला तो जुन्या एल-1 पेक्षा पुष्कळ सरस.

ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बघायची सवय लावा. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ, तुम्ही त्याच्या आत असण्याची शक्यता 68 टक्के. तीनातल्या एका वेळी बाहेर. वर्तुळ मोठं असेल तर चौकात या, ते आक्रसेपर्यंत थांबा. घरातूनच लोकेशन पाठवायचं असेल तर नकाशा सॅटेलाइटवर करून पिन बोटाने आपल्या छतावर ठेवा आणि खाली गल्ली नंबर लिहा.