किल्ली आईच्या कमरेला

चिरंजिवांच्या अभ्यासात व्हायकिंग आले आणि आमच्या घरातली शांतता गेली. आपल्याकडे चौथीत शिवाजी महाराज येतात, घरोघरी फूटपट्टीच्या तलवारी होतात, सोफ्याचा प्रतापगड होतो. डेन्मार्कमध्ये त्या वयात व्हायकिंग येतात. फरक एवढाच, की माझ्या चौथीच्या पुस्तकापायी माझ्या वडिलांना कुणी गडावर मुक्कामाला पाठवलं नव्हतं. इथे मात्र कुटुंबासकट व्हायकिंग होण्याची सोय असते. जटलंडमधलं एक प्रतिकृती-गाव, दोन दिवस, एक रात्र. माणशी किती क्रोनर, ते मी आईला सांगितलं नाही.

आई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली. वय 72, माहेर संगमेश्वराकडचं. ‘व्हायकिंग म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर’ एवढं मी सांगितल्यावर तिने विचारलं, "मग आपण कशाला जायचं त्यांच्याकडे?" मी म्हटलं, बहुतेक जण शेतकरीच होते गं. गुरं राखायची, जव पेरायचे, लोकर कातायची. लुटालूट करायला जायचे ते काही जण, तेही हंगामात. "म्हणजे आपल्या गावासारखंच," आई म्हणाली. "जाणारे मुंबईला जायचे."

दारातच पहिला अपमान झाला. चिरंजीव दुकानातून आणलेलं शिंगांचं शिरस्त्राण घालून आले होते. तिथला मार्गदर्शक, म्हणजे दाढीची वेणी घातलेला सहा फुटी गृहस्थ, दुखऱ्या आवाजात म्हणाला की शिंगं असलेलं एकही व्हायकिंग शिरस्त्राण आजवर सापडलेलं नाही. ती शिंगं 1876 साली एका जर्मन ऑपेराच्या वेशभूषाकाराने चढवली आणि मग उतरायलाच तयार होईनात. शिरस्त्राण जप्त झालं. त्यामागोमाग फोनही. सगळ्यांचे फोन ओकच्या एका पेटीत गेले आणि पेटीला कुलूप लागलं. त्या दुपारी भारताचा सामना होता, हे मी त्याला डॅनिशमध्ये दोन वेळा सांगून पाहिलं.

मग किल्लीचा प्रश्न आला. व्हायकिंग घरात किल्ल्या घरधनिणीच्या कमरेला असत, बायकांच्या थडग्यांतूनही त्या सापडल्या आहेत, असं सांगत त्याने आमच्यावर नजर फिरवली. हिने हात पुढे केला. दाढीवाल्याने तो ओलांडून किल्ली आईच्या हातात ठेवली. आमच्या घरात हा प्रश्न बारा वर्षं भिजत पडला होता, तो परक्या माणसाने पाच सेकंदांत निकालात काढला. आईने किल्ली कमरेला खोचली आणि पुढचे दोन दिवस ती चालली ती वेगळ्याच चालीने.

घर म्हणजे एकच लांबलचक खोली. मधोमध आगटी, दोन्ही बाजूंना भिंतीलगत रुंद ओटे. त्यांवरच बसायचं, जेवायचं, सूत कातायचं आणि झोपायचंही, सगळ्यांनी एका रांगेत. धुराडं नाही, धुराने आढ्याजवळच्या भोकातून आपण होऊन जावं अशी अपेक्षा. तो जात नाही. अशा प्रतिकृती घरांत संशोधकांनी राहून धूर मोजलाय आणि तो आजच्या मर्यादांच्या कितीतरी वर निघालाय. मला मोजायची गरज पडली नाही. आईने डोळ्यांना पदर लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "फुंकणी कुठाय?"

आणि मग जातं. ते बघून मला भरून आलं. व्हायकिंगांचं जातं अगदी आपल्यासारखंच, गोल तळी, वर फिरणारी दुसरी, धरायला खुंटा. डेन्मार्कात जात्याचा असा दगड चांगला मिळत नसे, म्हणून तो जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरांतून यायचा. ज्वालामुखीचा काळा दगड, ऱ्हाईन नदीने खाली आणि मग जहाजाने रीबेसारख्या बाजारपेठांत. मी हे रंगात येऊन सांगत होतो. आई म्हणाली, "त्यात काय? जांभ्याचं कुठं जातं होतंय? आमचंही घाटावरूनच आलेलं." मग तिने दगडावरून हात फिरवला आणि निकाल दिला, "गुळगुळीत झालंय. टाकी लावायला झालीय." दाढीवाल्याला मी भाषांतर करून सांगितलं. त्याने वही काढून लिहून घेतलं.

"बस की आई," मी म्हटलं. "ओव्या म्हण, पोराला ऐकू देत."

"मी?" आई ओट्यावर मांडी घालून ऐसपैस बसली. "मी नववीत असताना आमच्याकडे पिठाची गिरणी आली. त्या दिवशी आम्ही बहिणी नाचलो होतो. आणि ओव्या काय हौस म्हणून म्हणायचो? पहाटे चारला झोप लागू नये म्हणून म्हणायचो. तू बस."

मी बसलो. व्हायकिंग काळ पुस्तकांत साधारण 793 ला सुरू होतो आणि 1066 ला संपतो. माझ्या आजोळी तो गिरणी आल्यावर संपला, आणि मी तो क्रोनर मोजून परत आणला होता. मूठभर जव वैरायचे, खुंटा ओढायचा. अर्ध्या तासात माझा उजवा खांदा वेगळ्या देशात गेला. पीठ जमलं दोन वाट्या. त्यातही दगडाची कच होतीच. त्या काळच्या सांगाड्यांचे दात झिजलेले सापडतात ते उगाच नाही. माणसं सात, असा हिशेब करून दाढीवाला म्हणाला, अजून बरंच लागेल.

हिने लोकर कातायला घेतली. ती शाळेत टकळी शिकली होती, त्यामुळे जरा ऐटीत होती. दाढीवाल्याने सांगितलं, की एका मोठ्या जहाजाच्या लोकरी शिडासाठी बायकांची वर्षंच्या वर्षं सूत कातण्यात जायची. गाथांमध्ये नाव मात्र जहाजाच्या मालकाचं! हिने माझ्याकडे असं बघितलं, जणू ते जहाज माझंच होतं.

चिरंजीव बाहेर लाकडी तलवारीने खेळत होते. लाकडी घोडे, होड्या, तलवारी ही तेव्हाच्या मुलांचीही खेळणी. फॅरो बेटांवर क्वीविकला तसले घोडे-होड्या सापडल्यात. दुपारी एक गोरं पोर कपाळाला टेंगूळ घेऊन रडत आलं. मी माफी मागायला धावलो, तर दाढीवाला हसत एगिलची गोष्ट सांगायला लागला. आइसलँडच्या गाथेतला हा एगिल सहा-सात वर्षांचा असताना चेंडूच्या खेळात हरला आणि त्याने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. एगिलची आई काय म्हणाली? पोरगा चांगला व्हायकिंग होणार, मोठा झाल्यावर त्याला जहाजं द्यायला हवीत.

मी आईला हे सांगितलं. आई बराच वेळ गप्प राहिली.

"तू शिंद्यांच्या बाळ्याचं डोकं फोडलंस तेव्हा मी तुला होडकं घेऊन दिलं नव्हतं," ती म्हणाली. "काय दिलं होतं ते आठवतंय ना?"

आठवतंय. चिरंजिवांनाही तेवढ्याच तत्परतेने तेच मिळालं असतं, पण डेन्मार्कात मुलांना मारणं बेकायदा आहे, हे तिला आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी चिरंजिवांनी फ्रेंच फ्राइज मागितले. बटाटा अमेरिकेतून युरोपात यायला अजून सहाशे वर्षं होती. व्हायकिंगांवर हसायची सोय नाही. तेव्हा आपल्याकडेही बटाटा नव्हता, मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, आणि कोकणी माणसाच्या काळजाला घरं पडतील, पण काजूसुद्धा नव्हता. राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास लेणं कोरलं ते मिरचीशिवाय. वडापावातून बटाटा, मिरची आणि पाव काढून घ्या, खाली बेसन उरतं. आम्हाला मिळालं ते जवाची जाड भाकरी, वाटाण्याचं गिळगिळीत आणि सुकवलेला कॉड. कॉडचा वास येताच आईचा चेहरा दिवसात पहिल्यांदा उजळला. "हा बोंबलाचा थोरला भाऊ," ती म्हणाली, आणि तो तिने आगटीवर भाजून खाल्ला.

संडास एकविसाव्या शतकातला होता, हे नमूद करतो. फक्त तो दोनशे मीटरवर होता. वाटेत टोपलीत शेवाळ ठेवलेलं. तेव्हा कागदाच्या जागी तेच. चिरंजिवांनी काळोखात मला त्यांची सगळ्यात आवडती माहिती दिली. यॉर्कमध्ये 1972 साली एका बँकेच्या जागेवर खोदताना एका व्हायकिंगाची अख्खी विष्ठा सापडली, 20 सेंटिमीटर लांब, आत जंतांची अंडी, आणि ती संग्रहालयात ठेवलीय! त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही. रात्रभर मेंढीच्या कातड्यावर पडून मी यावर विचार केला. विचार करायला वेळ भरपूर होता. माझ्या डावीकडे एक डॅनिश आजोबा घोरत होते.

रविवारी सकाळी दाढीवाल्याने शिंगाच्या कंगव्याने दाढी विंचरून दाखवली. व्हायकिंग फार टापटिपीचे, दर शनिवारी न्हायचे, डॅनिशमध्ये शनिवारचं नावच त्यावरून पडलंय. "इथं शनिवार काल झाला," आई म्हणाली. "कोण न्हालं?"

दुपारी बाराला फोन मिळणार होते. पावणेबाराला मी पेटीजवळ जाऊन उभा राहिलो. आई पेटीवरच बसली होती.

"किल्ली दे."

"कालची भाकरी तशीच आहे तुझी ताटात."

"आई, कचकचते ती."

"तूच दळलीयस."

मी हिच्याकडे बघितलं. हिचं ताट स्वच्छ होतं. कुंपणापलीकडची शेळी तोंड हलवत होती. मी माझं ताट घेऊन हळूच कुंपणाकडे सरकलो, तर आईने नुसता घसा खाकरला.

पहिला घास कर्रकन वाजला. पेटीच्या आत कुणाचा तरी फोन वाजायला लागला. आईने किल्ली कमरेत आणखी आत सारली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिली.