‘रोग दडवणारी वृत्तपत्रे’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

एक लांबलचक संदेश सध्या फोनोफोनी फिरतो आहे. समलिंगी स्त्रीपुरुषांनी चालवलेली वृत्तपत्रे आणि मासिके ही पत्रकारिता नसून निव्वळ प्रचार आहे, असे त्याचे म्हणणे असून त्यासाठी पाच मुद्दे दिले आहेत. या पत्रांनी जाहिरातींच्या पैशासाठी एड्सची बातमी दडवली आणि ती शेवटी मोठ्या वृत्तपत्रांनी उघड केली. ज्याचा प्रश्न त्यानेच बातमी लिहिली तर ती निःपक्ष असूच शकत नाही. ही पत्रे मुळात अश्लील आहेत. ती लोकांची खासगी आयुष्ये चव्हाट्यावर आणतात. आणि आता मोठी माध्यमे सर्वांचीच दखल घेत असल्यामुळे त्यांची गरजही उरलेली नाही. माझ्या मेहुण्यांनी हा संदेश आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, स्वतःचा एक शब्दही न जोडता पाठवला. खाली फक्त जोडलेल्या हातांचे चित्र होते. भाची दोन महिन्यांपूर्वी अशाच एका नियतकालिकात उपसंपादक म्हणून रुजू झाली आहे. तिने तो माझ्याकडे पाठवून लिहिले, “मामा, यातलं खरं किती ते आधी सांग. बाजू नंतर घे.” अट रास्त आहे आणि मी ती पाळणार आहे, संदेश लिहिणाऱ्याने मात्र असली कोणतीही अट स्वतःला घालून घेतलेली दिसत नाही.

पहिला मुद्दा सर्वांत बेधडक आहे आणि सर्वांत घातकही, कारण मेलेल्यांना त्यांच्याच वृत्तपत्रांनी मारले, असा त्याचा सरळ अर्थ होतो. संदेशात एकही तारीख नाही, म्हणून तारखाच पाहू. न्यूयॉर्क नेटिव्ह या समलिंगी पाक्षिकात १८ मे १९८१ रोजी लॉरेन्स मास या डॉक्टरांनी एक वृत्त लिहिले. शहरातील समलिंगी पुरुषांमध्ये कसलासा नवा आजार आल्याची कुजबुज त्यांच्या कानावर आली होती, आणि त्या वृत्तात न्यूमोसिस्टिस या दुर्मीळ न्यूमोनियाचा नाव घेऊन उल्लेख होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधील पाच रुग्णांची पहिली अधिकृत नोंद प्रसिद्ध केली ती ५ जून १९८१ रोजी, म्हणजे १८ दिवसांनंतर. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पहिली बातमी आली ३ जुलै रोजी, आतल्या विसाव्या पानावर, एका स्तंभात. त्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर हा रोग पोहोचला २५ मे १९८३ रोजी. ज्यांनी बातमी दडवली असे म्हणतात ते सर्वांच्या आधी, आणि ज्यांनी उघड केली असे म्हणतात ते पहिल्या पानापुरते बोलायचे तर दोन वर्षांनी मागे, असा हा हिशेब आहे.

आता भाचीची अट. मास यांच्या त्या पहिल्या वृत्ताचे शीर्षक ‘रोगाच्या अफवा बहुतांशी निराधार’ अशा अर्थाचे होते, आणि ते सपशेल चुकीचे ठरले. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ही चूक आली कुठून, तेही सांगायला हवे. मास यांनी ऐकीव गोष्ट तशीच छापली नाही. त्यांनी सार्वजनिक आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांकडे चौकशी केली, आणि अफवांत फारसे तथ्य नाही, असे त्यांना तिकडून सांगण्यात आले. प्रचारपत्रक चालवणारा माणूस सरकारी अधिकाऱ्याला विचारायला जात नाही. दोनच महिन्यांनी, जुलैच्या अखेरीस, मास यांनी त्याच पत्रात समलिंगी समाजात या आजारासोबत दिसू लागलेल्या कर्करोगावर सविस्तर लेख लिहिला आणि मग ते त्या विषयावर लिहीतच राहिले.

जाहिरातींचे म्हणाल, तर त्या होत्या. समलिंगी पुरुष ज्या स्नानगृहांत लैंगिक संबंधांसाठी भेटत, त्या बाथहाऊसच्या जाहिरातींवर त्या काळी अनेक पत्रांचा संसार चालत होता, आणि काही पत्रांची लेखणी त्या बाबतीत नको तितकी मऊ झाली, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु जाहिरातदारांसाठी सारे तोंड शिवून बसले होते, हे मात्र खोटे आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये नेटिव्हनेच मायकेल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ या दोन रुग्णांचा लेख छापला. अनेकांशी संबंध ठेवण्याची आपली जीवनशैलीच आपल्याला या आजारापर्यंत घेऊन आली, असे त्यांनी त्यात स्वतःच्या नावानिशी लिहिले होते. त्यावर मोठा वाद झाला आणि नेटिव्हने उलट बाजूचा लेखही छापला. मग मार्च १९८३ मध्ये त्याच पाक्षिकात लेखक लॅरी क्रॅमर यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच तोवरच्या रुग्णांचा आकडा होता, १,११२. त्यात क्रॅमर यांनी सरकारला, महापौरांना, न्यूयॉर्क टाइम्सला आणि स्वस्थ बसलेल्या समलिंगी पुरुषांना तर धारेवर धरलेच, पण द ॲडव्होकेट या देशातील एका मोठ्या समलिंगी पत्रालाही सोडले नाही: काही घडते आहे हे त्या पत्राने अजून धड कबूलही केलेले नाही, असा त्यांचा आरोप होता. म्हणजे संदेशात आज जो आरोप शोध लावल्याच्या थाटात केला आहे, तो एका समलिंगी माणसाने एका समलिंगी पत्रात दुसऱ्या समलिंगी पत्रावर चार दशकांपूर्वीच केलेला आहे, आणि तोही अधिक पुराव्यानिशी.

गंमत अशी की संदेश लिहिणाऱ्याला खरा गुन्हा सापडलेलाच नाही. सर्वांच्या आधी जागे झालेले हेच नेटिव्ह पुढे भरकटले. एड्सचे कारण एचआयव्ही नसून डुकरांना होणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू आहे, असले सिद्धांत त्याने वर्षानुवर्षे रेटले. हे वाचून एखाद्याने औषध नाकारले असेल, तर त्याचा दोष त्या पत्राकडेच जातो. मी त्याचे समर्थन करणार नाही. मात्र त्याविरुद्ध उभे कोण राहिले? ॲक्ट अप या एड्सग्रस्तांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने, म्हणजे त्याच्या वाचकांतल्याच लोकांनी, त्या पत्रावर बहिष्काराची हाक दिली. नेटिव्ह १९९७ च्या जानेवारीत बंद पडले.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही. निःपक्षपणाचा नमुना म्हणून संदेशात ज्या मोठ्या माध्यमांकडे बोट दाखवले आहे, त्यांपैकी टाइम साप्ताहिकाने १९६६ साली समलिंगी असणे म्हणजे वास्तवाची एक केविलवाणी, दुय्यम दर्जाची नक्कल आहे, असे लिहिले होते. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर १९६३ मध्ये शहरात समलिंगी लोक उघडपणे वावरू लागल्याची ‘चिंता’ पहिल्या पानावर छापली होती. ‘गे’ हा साधा शब्द, अवतरणे आणि संस्थांची नावे वगळता, त्या वृत्तपत्रात वापरायला १९८७ पर्यंत परवानगी नव्हती. ज्या लोकांविषयी लिहायचे ते स्वतःला ज्या नावाने ओळखतात तेच वर्ज्य करण्याला निःपक्षपणा म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणावे. शेतकऱ्याने शेतीवर आणि बाईने बाळंतपणावर लिहिले तर पक्षपात झाला, असे मेहुणेही म्हणणार नाहीत.

अश्लीलतेचा आरोप तर फारच जुना आहे, आणि त्याचा निकालही लागून गेला आहे. लॉस एंजेलिसहून १९५३ पासून निघणाऱ्या ‘वन’ या मासिकाचा ऑक्टोबर १९५४ चा अंक तेथील टपाल अधिकाऱ्याने अश्लील ठरवून अडवला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘हे तुम्हाला छापता येणार नाही’ अशा अर्थाची ओळ होती, आणि आत मासिकाच्या वकिलानेच कायद्यापायी काय काय गाळावे लागते, ते वाचकांना समजावून सांगितले होते. काटछाटीचे नियम सांगणारा अंकच जप्त व्हावा, याहून विनोदी प्रकार कोणता? खालची दोन्ही न्यायालये मासिकाच्या विरोधात गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी १९५८ रोजी, तोंडी युक्तिवादही न ऐकता, निकाल मासिकाच्या बाजूने फिरवला.

चौथ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. आउटवीक या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने मार्च १९९० मध्ये, उद्योगपती माल्कम फोर्ब्ज यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, ते समलिंगी असल्याचे मुखपृष्ठावरून जाहीर केले, आणि त्यातून ‘आउटिंग’ नावाचा वाद पेटला. ज्याने स्वतः सांगितले नाही त्याचे गुपित दुसऱ्याने फोडू नये, असे माझे मत आहे, आणि अनेक समलिंगी पत्रकारांनीही तेव्हा हेच म्हटले होते. परंतु चव्हाट्याचा विषय काढायचाच असेल, तर १९५० आणि १९६० च्या दशकांत बारवर धाडी पडल्या की पकडलेल्यांची नावे, पत्ते, कधी कधी नोकरीचे ठिकाणसुद्धा छापणारी वृत्तपत्रे कोणती होती? समलिंगींची नव्हती. युगांडातील एका साप्ताहिकाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये समलिंगी म्हणून लोकांची छायाचित्रे छापून ‘यांना फाशी द्या’ असे वर लिहिले, तेही समलिंगींचे नव्हते. त्या साप्ताहिकाविरुद्ध न्यायालयात जाऊन जिंकलेल्यांपैकी डेव्हिड काटो यांची निकालानंतर तीनच आठवड्यांनी हत्या झाली. ती हत्या त्या अंकामुळेच झाली, असे मी म्हणत नाही; पण चित्रासह नाव छापले जाण्याची भीती कशी असते, ते त्यांनी न्यायालयात मांडले होते.

राहिली गरज संपल्याची गोष्ट. मोठी माध्यमे सुधारली आहेत, हे खरेच आहे, आणि संदेशातील हे एक वाक्य मी भाचीला ‘बरोबर’ म्हणून कळवले आहे. बाकी गरज कशाला म्हणायचे, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरिया रिपोर्टर या समलिंगी साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत पाहावे. एड्सने गेलेल्यांचे मृत्युलेख तिथे आठवड्यामागून आठवडा, छायाचित्रांसह, पानेच्या पाने छापले जात. अन्यत्र अशा लेखांत आजाराचे नाव बहुधा गाळलेले असे आणि मागे राहिलेल्या जोडीदाराचेही. १३ ऑगस्ट १९९८ च्या अंकात त्या साप्ताहिकाने ‘मृत्युलेख नाहीत’ एवढेच मोठ्या अक्षरांत पहिल्या पानावर छापले. १७ वर्षांत प्रथमच त्या आठवड्यात एड्सने गेलेल्या कुणाचाही मृत्युलेख आला नव्हता. ती बातमी त्यांनाच आधी कळणे भाग होते, कारण इतकी वर्षे ते कागद त्यांच्याच टेबलावर येत होते.