फुटलेली बाटली आणि आमच्या पत्रकातील चूक

नमस्कार,

आपला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आमच्या घरगुती संचातून आपण जिंजर बिअरच्या, म्हणजे आले, साखर आणि यीस्ट यांपासून आंबवलेल्या फसफसत्या पेयाच्या, सहा बाटल्या भरल्या. तिसऱ्या दिवशी उघडलेल्या दोन बाटल्या मिळमिळीत निघाल्या, म्हणून उरलेल्या चारही बाटल्यांत दोन-दोन चमचे साखर घालून आपण त्या फ्रिजच्या मागच्या उबदार कोपऱ्यात आणखी पाच दिवस ठेवल्या. त्यांतली एक रात्री फुटली आणि एक बूच काढताच छतापर्यंत उडाली. यीस्ट निकृष्ट, साखर अपुरी आणि संचातले सूचनांचे पत्रक अर्धवट, असे आपण लिहिले आहे. कोणाला इजा झाली नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला.

इतर मुद्द्यांकडे वळण्याआधी एक कळकळीची विनंती आहे. राहिलेल्या दोन बाटल्या अजून बाहेरच असतील तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका. जाड हातमोजे आणि चष्मा घालून त्या जाड टॉवेलात गुंडाळा, तशाच फ्रिजमध्ये ठेवा आणि पूर्ण दिवसभर गार झाल्यावर, टॉवेल न काढता, सिंकमध्ये धरून बूच अगदी हळूहळू सैल करा. आतले पेय पिऊ नका, ओतून द्या. इतके दिवस उबेत राहिलेल्या बाटलीत वायूबरोबर अल्कोहोलही वाढलेले असते.

पत्रकाबद्दलचा आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. 'बाटल्या दोन ते चार दिवस बाहेर ठेवा' एवढेच आम्ही छापले होते, आणि ते चूक होते, कारण यीस्टला दिवस मोजता येत नाहीत. त्याला फक्त ऊब कळते. १७-१८ अंश सेल्सिअसच्या खोलीत जे काम आठवडाभर रेंगाळते, तेच २८ अंशांना दीड-दोन दिवसांत उरकते. आपली खोली थंड होती असे आपणच लिहिले आहे. म्हणजे तिसऱ्या दिवशी यीस्ट मेलेले नव्हते, ते नुकते कुठे कामाला लागले होते. फ्रिजमागची ऊब मिळताच त्याने जोर धरला, यावरून ते निकृष्ट नव्हते असेच मला म्हणावे लागेल.

साखरेच्या बाबतीत मात्र मी नम्रपणे असहमत आहे. आमच्या कृतीत लिटरमागे १०० ग्रॅम साखर आहे. यीस्ट एक ग्रॅम साखरेपासून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि चांगल्या फसफशीसाठी लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम वायू पुरतो. म्हणजे १२ ग्रॅम साखरेतच काम भागते आणि बाकीची केवळ गोडीसाठी असते. ती सगळी आंबली तर कोणतीही काच तो दाब सोसणार नाही. त्यामुळे आपण वर घातलेल्या दोन चमच्यांना मी दोष देत नाही. धोका मूळच्या साखरेतच दडलेला होता आणि तो ठळक अक्षरांत सांगणे हे आमचे काम होते.

पहिल्या दोन बाटल्या आपण गार न करताच उघडल्या असाव्यात, असे आपल्या वर्णनावरून वाटते. कोमट पेयात वायू नीट मुरत नाही. पाच अंशांच्या पाण्यात तो वीस अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे दीडपट विरघळतो, म्हणून आम्ही स्वतः कोणतीही बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय उघडत नाही. छतापर्यंत उडालेल्या बाटलीत जादा दाबाच्या जोडीला आल्याचे तंतूही असू शकतील. किसलेल्या आल्याचा बारीकसा धागा जरी आत राहिला, तरी बूच निघताच त्याच्याभोवती बुडबुड्यांची माळ लागते आणि पेय उसळून वर येते. गाळताना साध्या गाळणीवर दुमडलेले मलमलचे कापड घालावे, हेही आमच्या पत्रकात नव्हते.

आता प्रत्येक संचात आम्ही सोड्याच्या बाटलीसारखी एक प्लास्टिकची बाटली देत आहोत. काचेच्या बाटल्यांसोबत, त्याच वेळी, तीही तेच पेय घालून भरायची, वर तीन बोटे जागा सोडायची आणि सगळ्या बाटल्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. भरल्या दिवशी अंगठ्याने दाबली की तिचे अंग कुरकुर करत आत जाते. पुढे ती हळूहळू फुगत जाते आणि एके दिवशी न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक लागते. त्याच तासाला सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवायच्या, मग तो दुसरा दिवस असो वा सातवा. फ्रिजमध्येही यीस्ट थांबत नाही, केवळ मंदावते, म्हणून दोन आठवड्यांत पेय संपवावे. रोज बूच उघडून पाहण्याची सवय आम्ही सुचवत नाही, कारण त्याने जमलेला वायू निघून जातो आणि आत नेमका किती दाब आहे याचा अंदाजही येत नाही.

आपले पैसे परत करण्याची प्रक्रिया आजच सुरू केली आहे. त्यासाठी संच परत पाठवण्याची गरज नाही. नवे पत्रक आणि दाब पाहण्याची बाटली आपल्याला हवी असल्यास विनामूल्य पाठवू.

फुटलेल्या बाटलीचे तुकडे अजून टाकले नसतील, तर त्यांना हात न लावता तळाच्या भागाचा एक फोटो मात्र कृपया पाठवा. तडा जुन्या ओरखड्यापासून सुरू झाला आहे असे त्यात दिसले, तर बाटल्यांची ती संपूर्ण खेप आम्ही विक्रीतून काढून घेऊ आणि ती ज्यांच्याकडे गेली आहे त्या प्रत्येकाला कळवू.