दोन पिस्तुले आणि वीस दिवसांची मुदत

टेक्सासमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी मागच्या हिवाळ्यात एकाच दुकानातून दोन पिस्तुले घेतली. एक नेमबाजीच्या सरावासाठी होते आणि दुसरे घरात ठेवण्यासाठी. पैसे चुकते करताना दुकानदाराने त्यांना सांगितले की, दोन्ही एकदम घेतल्यामुळे त्यांचे नाव संध्याकाळपर्यंत सरकारला कळवावे लागेल. आयुष्यात ज्यांच्या नावावर वाहतुकीची पावतीही फाटलेली नाही अशा या गृहस्थांना ते फार लागले. त्याच आठवड्यात पुण्याहून भाच्याचा संदेश आला होता : ‘मामा, शस्त्रपरवाना असलेल्या प्रत्येकाचे नाव आणि पत्ता संकेतस्थळावर टाकायला हवा, असे तुम्हाला वाटत नाही का?’ डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील हजाराहून अधिक शस्त्रपरवान्यांची चर्चा सुरू झाली आणि पुढे प्रशासनाने त्यांपैकी अनेक परवाने रद्द केले. भाच्याचा संताप तिथून आलेला आहे.

शेजाऱ्यांची तक्रार ज्या अर्जाविषयी आहे, त्याचा नियम असा. परवानाधारक दुकानदाराने एकाच ग्राहकाला कामकाजाच्या सलग पाच दिवसांत दोन किंवा अधिक पिस्तुले अथवा रिव्हॉल्वर विकली, तर त्याच दिवशी दुकान बंद होण्यापूर्वी त्याने ‘३३१०.४’ या क्रमांकाचा अर्ज भरून केंद्राच्या ए.टी.एफ. या शस्त्रनियंत्रण यंत्रणेकडे पाठवायचा असतो. हा अर्ज दुकानदार भरतो आणि त्यावर ग्राहकाची सही लागत नाही. त्यामुळे दुकानदार बोलला नाही, तर ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्जामुळे विक्री मात्र थांबत नाही. हा नियम १९७५ पासूनचा आहे. स्वतःची पार्श्वभूमी स्वच्छ असलेल्या माणसाला पुढे करून त्याच्या नावावर शस्त्रे घ्यायची आणि ती गुन्हेगारांना पोहोचवायची, ही तिथली जुनी पद्धत आहे. एकाच माणसाची लागोपाठची खरेदी ही तिची एक खूण मानली जाते. हे कारण मला पटते. दोन पिस्तुले घेणारा बहुतेक वेळा शेजाऱ्यांसारखा सरळ माणूस असतो हे खरे, पण तो कागद काही त्याला आरोपी ठरवत नाही.

मला खरा रस आहे तो त्या कागदाच्या पुढच्या प्रवासात. त्याची एक प्रत राज्य पोलिसांना किंवा स्थानिक पोलिसांना जाते आणि तिच्याविषयी कायदाच सांगतो की, खरेदीदार शस्त्र बाळगण्यास अपात्र नसेल, तर ती प्रत आणि तिच्यावरून केलेली कोणतीही नोंद वीस दिवसांच्या आत नष्ट करावी, त्यातील मजकूर कोणाला सांगू नये आणि हे पाळले जात असल्याचे दर सहा महिन्यांनी केंद्राला लिहून कळवावे. सरकारी कागद केव्हा मरणार हे कायद्याने लिहून ठेवलेले मी प्रथमच वाचले, आणि खरे सांगायचे तर मला थोडा हेवा वाटला. केंद्राकडे गेलेल्या प्रतीचे मात्र तसे नाही. ज्या शस्त्रांचा पुढे कोणत्याही तपासाशी संबंध आला नाही, त्यांच्या खरेदीदारांची नावे दोन वर्षांनी काढून टाकावीत, असे यंत्रणेचे स्वतःचे धोरण होते. पण ती नावे वेळेवर काढली जात नसल्याचे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेला २०१६ मध्ये आढळले. शेजाऱ्यांनी भांडायचेच असेल, तर ते इथे भांडावे. ‘माझे नाव कळवलेच का’ या प्रश्नापेक्षा ‘माझे नाव पुसले का’ हा प्रश्न अधिक धारदार आहे.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल घेताच येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि प्रत्येक परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीसंचात होते. विचारायचे ते सगळे आधीच विचारले जाते. माझ्या वडिलांकडे रानडुकरांपासून ऊस राखण्यासाठी बारा बोअरची बंदूक होती. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी चौकशीला आलेला हवालदार आमच्या ओट्यावर बसून शेजाऱ्यांना मोठ्याने विचारत असे, ‘पाटलांचं कुणाशी वाकडं आहे का?’ निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची आणि ती कधी गेली, कधी परत आली, हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. त्या ओट्यावर तो शब्द कोणी ऐकलाही नव्हता.

म्हणूनच भाच्याची मागणी मला मान्य नाही. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने दोन परगण्यांतील पिस्तूल-परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर छापले होते. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्याच महिन्यात तो नकाशा काढून घ्यावा लागला आणि राज्याने केलेल्या नव्या कायद्यात परवानाधारकाला आपले नाव गुप्त ठेवण्याची मागणी करण्याची सोय आली. कोणत्या घरात पिस्तूल आहे हे सांगणारी यादी चोरालाही उपयोगी पडते आणि कोणत्या घरात नाही हेही ती त्याला सांगते. बीडचा प्रश्न परवानाधारकांचे पत्ते ठाऊक नसण्याचा नव्हताच. परवाने कोणत्या निकषांवर दिले गेले, हा तो प्रश्न होता.

मी भाच्याला लिहिले की, माहितीच्या अधिकारात नावे मागू नकोस, आकडे माग : गेल्या दहा वर्षांत तुमच्या जिल्ह्यात किती अर्ज आले, किती नाकारले गेले, पोलिसांचा अहवाल प्रतिकूल असतानाही किती परवाने दिले गेले आणि गुन्हा नोंद झाल्यावर किती रद्द झाले. त्याने अर्जाचा मसुदा पाठवला आहे. त्यात त्याने स्वतःहून पाचवा प्रश्न घातला आहे : ज्यांना परवाना नाकारला, त्यांच्या चौकशीचे कागद किती वर्षे ठेवले जातात आणि ते नष्ट केल्याची नोंद कोण ठेवते.